नोंदवहीतील चूक : बेसबॉल व क्रिकेट यांच्या गुणलेखनपद्धतींचा तुलनात्मक इतिहास

प्रस्तावना

भातकापणी आटोपली की रायगड जिल्ह्यातील खाचरे मोकळी होतात आणि पेण ते रोहा या पट्ट्यात, कासूसारख्या गावांच्या शिवारात, टेनिसच्या चेंडूवरील क्रिकेटचे सामने सुरू होतात. मैदानाच्या कडेला एक टेबल असते. त्यावर गुणलेखकाची वही असते आणि शेजारी ध्वनिक्षेपक हातात घेऊन समालोचक बसलेला असतो. सोपा झेल सुटला, की समालोचक क्षेत्ररक्षकाचे नाव घेऊन ती गोष्ट साऱ्या शिवाराला ऐकवतो. त्याच क्षणी गुणलेखक मात्र खाली मान घालून फलंदाजाच्या नावापुढे एक धाव लिहितो. एकाच प्रसंगाच्या या दोन नोंदी होत. पहिली मौखिक आहे आणि ती त्या संध्याकाळपुरती टिकते. दुसरी लिखित आहे आणि तीच पुढे इतिहासाचे साधन ठरते. या टिकणाऱ्या नोंदीत क्षेत्ररक्षकाच्या चुकीला जागा नाही.

ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्याविषयी प्रश्नच पडत नाही. परंतु क्रिकेटशी जवळचे नाते सांगणाऱ्या बेसबॉल या खेळात नेमकी उलट प्रथा आहे. तेथे क्षेत्ररक्षकाची चूक हा धावफलकाचा स्वतंत्र रकाना आहे. एखादा फलंदाज बेसवर सुखरूप पोहोचला, तर तो स्वतःच्या फटक्यामुळे पोहोचला की प्रतिपक्षाच्या चुकीमुळे, याचा निवाडा अधिकृत गुणलेखकाला करावा लागतो. महाराष्ट्रात शालेय आणि आंतरविद्यापीठ स्तरांवर बेसबॉल व सॉफ्टबॉल खेळले जात असल्यामुळे हा निवाडा आपल्या क्रीडाशिक्षकांना अपरिचित नाही.

प्रस्तुत लेखात या दोन पद्धतींचा ऐतिहासिक परामर्श घेऊन, नोंदवहीचा आराखडा भावी इतिहासाला कोणत्या मर्यादा घालतो, याचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. विषय खेळाचा असला, तरी प्रश्न इतिहासलेखनाच्या मुळाशी जाणारा आहे. श्रेय कोणाच्या नावावर लिहायचे, दोष लिहायचा की नाही, आणि जे लिहिलेच गेले नाही त्याचे इतिहासकाराने काय करायचे, असे त्याचे स्वरूप आहे.

१. चुकीच्या रकान्याचा उगम

बेसबॉलच्या गुणलेखनाचा जनक म्हणून हेन्री चॅडविक (१८२४–१९०८) यांचे नाव घेतले जाते. ते इंग्लंडमधील एक्सेटर येथे जन्मले व १८३७ मध्ये कुटुंबासह अमेरिकेत गेले. बेसबॉलकडे वळण्यापूर्वी ते क्रिकेटचे वार्ताहर होते, ही बाब येथे महत्त्वाची आहे. १८५९ च्या सुमारास त्यांनी सामन्याची सांख्यिकीय नोंद संक्षिप्त तक्त्यात देण्याची पद्धत रूढ केली. क्रिकेटच्या धावफलकाचा संस्कार तिच्यावर स्पष्ट दिसतो. मात्र चॅडविक यांनी क्रिकेटमध्ये नसलेली एक गोष्ट तीत आणली. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्याने बाद केलेल्या व बाद करण्यास साहाय्य केलेल्या गड्यांची संख्या, आणि त्याच्या चुका, यांना त्यांनी स्थान दिले.

यामागील कारणे तत्कालीन खेळात शोधावी लागतात. त्या काळी क्षेत्ररक्षक हातमोज्यांविना खेळत. चेंडू फेकणाऱ्याचे, म्हणजे पिचरचे, काम फलंदाजाला फटका मारता येईल असा चेंडू देणे एवढेच मानले जाई. साहजिकच सामन्याचा निकाल मोठ्या प्रमाणात क्षेत्ररक्षणावर अवलंबून असे. जो खेळ चुकांनी ठरतो, त्याच्या नोंदीत चुका आल्याच पाहिजेत, अशी ही भूमिका होती. दुसरे कारण नैतिक स्वरूपाचे होते. प्रतिपक्षाच्या हातून चेंडू निसटल्यामुळे मिळालेला बेस फलंदाजाच्या गुणवत्तेचा पुरावा होऊ शकत नाही, अशी चॅडविक यांची धारणा होती. जे कमावले नाही ते नावावर जमा होऊ नये, हे सूत्र त्यांच्या संपूर्ण पद्धतीत आढळते.

तथापि, रकान्यांच्या व्याख्या स्थिर राहिल्या नाहीत. १८८७ च्या हंगामात, पाच वाईट चेंडूंमुळे मिळणाऱ्या मोफत बेसलाही फटक्याचे श्रेय देण्याचा नियम करण्यात आला. परिणामी फलंदाजांच्या सरासऱ्या एकाएकी फुगल्या आणि पुढच्याच वर्षी तो नियम मागे घेण्यात आला. खेळाडू तेच होते, खेळही तोच होता. बदलली होती ती वही. एवढ्यानेच एका वर्षाचा इतिहास वेगळा दिसू लागला.

२. ‘साधारण प्रयत्न’ : निवाड्याची कसोटी

‘हिट’ आणि ‘एरर’ यांतील भेद ठरवण्यासाठी बेसबॉलच्या नियमावलीने एक कसोटी दिली आहे. तिला ‘साधारण प्रयत्न’ असे म्हणता येईल. त्या जागी खेळणाऱ्या सरासरी कौशल्याच्या क्षेत्ररक्षकाने साधारण प्रयत्न केला असता, तर फलंदाज बाद झाला असता का, असा प्रश्न गुणलेखकाने स्वतःला विचारायचा असतो. उत्तर होकारार्थी असेल तर चूक. नकारार्थी असेल तर फटक्याचे श्रेय. या व्याख्येत दोन उपवाक्ये विशेष लक्षणीय आहेत. पहिले असे, की सरासरी कौशल्य हे त्या विशिष्ट स्पर्धेच्या वा दर्जाच्या स्पर्धांच्या मानाने मोजायचे. दुसरे असे, की मैदानाची स्थिती व हवामान यांचाही विचार करायचा. म्हणजे शाळकरी मुलाची चूक व्यावसायिक खेळाडूच्या मापाने मोजायची नाही आणि ओल्या मैदानावरील निसटता चेंडू कोरड्या मैदानाच्या मापाने मोजायचा नाही.

या कसोटीवरून काही प्रसंग सहज सुटतात. जमिनीवरून येणाऱ्या चेंडूने अनपेक्षित उसळी घेतली, तर क्षेत्ररक्षकाचा दोष धरला जात नाही; फलंदाजाला श्रेय मिळते. क्षेत्ररक्षकाने असामान्य धाव घेऊन चेंडू गाठला, पण तो हातात राहिला नाही, तर तेथेही श्रेय फलंदाजाचेच. एका खेळीत दोन गडी बाद करण्याची संधी हुकली, तर दुसरा गडी बाद झालाच असता असे गुणलेखकाने गृहीत धरायचे नाही. निर्णयातील गोंधळ, संथपणा, दोघांनी एकमेकांवर सोडलेला चेंडू अशा गोष्टी सर्वसाधारणपणे चुकीच्या रकान्यात जात नाहीत. हातून घडलेली चूक लिहिली जाते, मनात घडलेली बहुधा लिहिली जात नाही. शंका असेल तेथे संशयाचा फायदा फलंदाजाला द्यायचा, असाही संकेत आहे.

याउलट, मैदानाच्या वैध हद्दीबाहेर उंच उडालेला सोपा झेल सुटला आणि त्यामुळे फलंदाजाचा डाव पुढे चालू राहिला, तर फलंदाज बेसवर पोहोचला नसतानाही क्षेत्ररक्षकाच्या नावावर चूक लिहिली जाते. मराठी क्रीडावार्तांकनात ज्याला आपण ‘जीवदान’ म्हणतो, त्याची ही लेखी नोंदच होय.

गुणलेखकाचे काम येथेच संपत नाही. पिचरच्या नावावर कोणत्या धावा धरायच्या हे ठरवताना त्याला, चुका घडल्याच नसत्या तर तो डाव कसा झाला असता, याची मनात पुनर्रचना करावी लागते. त्या काल्पनिक डावातही ज्या धावा झाल्या असत्या, तेवढ्याच पिचरच्या खात्यात जातात. इतिहासाच्या अभ्यासकांना ही प्रक्रिया ओळखीची वाटेल. ‘असे घडले नसते तर’ हा प्रश्न आपण इतिहासलेखनात फार जपून हाताळतो. बेसबॉलचा गुणलेखक तो प्रत्येक सामन्यात सोडवतो आणि त्याचे उत्तर वस्तुस्थिती म्हणून नोंदवले जाते.

३. एक सामना, दोन वह्या

निवाडा आला की वाद आलाच. १५ मे १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर डेट्रॉइट संघाचा टाय कॉब याने मारलेला एक चेंडू शॉर्टस्टॉप एव्हरेट स्कॉट याला नीट हाताळता आला नाही. अधिकृत गुणलेखक जॉन कीरन यांनी तो प्रसंग चूक म्हणून नोंदवला. त्याच सामन्याचा तक्ता वृत्तसंस्थेसाठी तयार करणारे पत्रकार फ्रेड लीब यांनी मात्र तोच फटका कॉबच्या श्रेयात धरला. हंगाम संपल्यावर या एका नोंदीचे महत्त्व ध्यानात आले. लीब यांची नोंद धरली, तर कॉबचे ५२६ पैकी २११ फटके होतात आणि सरासरी ०.४०१ येते. कीरन यांची नोंद धरली, तर २१० फटके होतात आणि सरासरी ०.३९९ वर उतरते. ०.४०० ही त्या खेळातील थोरवीची सीमारेषा समजली जाते. लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी अधिकृत गुणलेखकाची नोंद बाजूला ठेवून कॉबच्या बाजूने कौल दिला. न्यूयॉर्कच्या क्रीडापत्रकारांनी त्याचा निषेध केला, परंतु आकडा कायम राहिला. चेंडू एकच, साक्षीदार दोघेही जाणकार, आणि तरीही नोंदी परस्परविरोधी. अखेर कोणती ग्राह्य धरायची हे सत्तास्थानी असलेल्या व्यक्तीने ठरवले. अभिलेखागारात काम केलेल्या कोणालाही ही परिस्थिती नवी वाटणार नाही.

१९४१ मध्ये जो डिमॅजिओ याने सलग ५६ सामन्यांत किमान एक फटका मारण्याचा विक्रम केला. या मालिकेतील तिसाव्या व एकतिसाव्या सामन्यांत त्याचा एकमेव फटका शॉर्टस्टॉप ल्यूक ॲपलिंग याच्याकडे गेलेल्या, अवघड ठरलेल्या चेंडूंवर मिळाला होता. गुणलेखकाने दोन्ही वेळा फलंदाजाला कौल दिला. ते निर्णय चुकीचे होते असे म्हणण्यास आधार नाही. परंतु दोहोंपैकी एक जरी निर्णय उलटा लागला असता, तर मालिका तेथेच खंडित झाली असती, एवढे निश्चित.

या वादांना आणखी एक पैलू होता. १९८० च्या सुमारापर्यंत अधिकृत गुणलेखनाचे काम प्रामुख्याने वृत्तपत्रांचे क्रीडापत्रकारच करीत. ज्या खेळाडूंच्या मुलाखतींवर उपजीविका अवलंबून, त्यांच्याच चुका लिहिण्याची ही जबाबदारी अवघड होती. कालांतराने अनेक वृत्तपत्रांनी आपल्या पत्रकारांना हे काम करण्यास मनाई केली आणि त्यासाठी स्वतंत्र गुणलेखक नेमले जाऊ लागले. पुढे निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची सोयही नियमांत करण्यात आली. गुणलेखक हा केवळ लेखनिक नसून एक प्रकारचा न्यायाधीश आहे, याची ही उशिरा मिळालेली कबुली होती.

४. क्रिकेटची मितभाषी वही

क्रिकेटने हा मार्ग स्वीकारला नाही. क्रिकेटच्या नियमसंहितेनुसार दोन गुणलेखक नेमले जातात. झालेल्या धावा, पडलेले बळी आणि टाकलेली षटके यांची नोंद करणे, परस्परांशी ती पडताळून पाहणे आणि पंचांच्या खुणांना पोच देणे, ही त्यांची कर्तव्ये होत. धावसंख्येच्या अचूकतेची अंतिम जबाबदारी पंचांवर असते. बाय, लेगबाय, वाइड किंवा नोबॉल यांविषयीचा निर्णयही पंचच देतात. गुणलेखकाने स्वतःचे मत बनवावे, असा प्रसंग नियमांनी जवळपास ठेवलेलाच नाही.

चुकीच्या सर्वांत जवळ जाणारा रकाना म्हणजे ‘अवांतर धावा’. यष्टिरक्षकाला चुकवून गेलेल्या चेंडूवरील बाय धावा गोलंदाजाच्या खात्यात पडत नाहीत आणि फलंदाजाच्याही नाहीत. पण त्या यष्टिरक्षकाच्या नावावरही लिहिल्या जात नाहीत. दोष मान्य केला जातो, दोषी मात्र अनामिक राहतो. क्षेत्ररक्षकाच्या पायांमधून चेंडू सीमापार गेला, तर त्या चार धावा फलंदाजाच्या ठरतात. चुकीच्या फेकीवर मिळालेल्या धावाही त्याच्याच. १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवरील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मार्टिन गप्टिलची फेक धाव घेणाऱ्या बेन स्टोक्सच्या बॅटला लागून सीमापार गेली. पंचांनी सहा धावा दिल्या. त्या पाच असायला हव्या होत्या की सहा, यावर पुढे बरीच चर्चा झाली. परंतु त्या स्टोक्सच्या नावावर जमा व्हाव्यात, याबद्दल कोणाचेही दुमत नव्हते. बॅटने न मारलेल्या चार धावा फलंदाजाच्या खात्यात जाव्यात, हे बेसबॉलच्या दृष्टीने अनाकलनीयच ठरले असते.

याचा अर्थ क्रिकेटच्या वहीचा आराखडा अपरिवर्तनीय होता, असा मात्र नाही. सुरुवातीच्या काळातील धावफलकांत झेल घेणाऱ्याचे नाव असे, पण तो चेंडू टाकणाऱ्या गोलंदाजाला श्रेय नसे. ते एकोणिसाव्या शतकात हळूहळू मिळू लागले. वाइड आणि नोबॉलच्या धावा गोलंदाजाच्या पृथक्करणात धरण्याची पद्धत तर १९८० च्या दशकाच्या मध्यापासूनची आहे. तात्पर्य, गोलंदाजाचे श्रेय आणि गोलंदाजाचा दोष या दोहोंना क्रिकेटच्या वहीने टप्प्याटप्प्याने प्रवेश दिला. क्षेत्ररक्षकाच्या दोषाला मात्र तो अद्याप मिळालेला नाही.

५. महाराष्ट्रातील तीन साक्षी

क्रिकेटची वही जे सांगते ते किती उत्तम रीतीने सांगते, याचे उदाहरण मुंबईच्याच इतिहासात आहे. डिसेंबर १९४३ मध्ये ब्रेबोर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध ‘रेस्ट’ संघाचा दुसरा डाव ३८७ धावांत संपला. त्यांपैकी ३०९ धावा एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. त्यांचे बंधू विवेक यांच्यासमवेत झालेल्या ३०० धावांच्या भागीदारीत विवेक यांचा वाटा २१ धावांचा होता. येथे वेगळ्या भाष्याची आवश्यकताच नाही. तक्ता स्वतःच बोलतो.

दुसरी साक्ष पळवणकर बाळू यांची आहे. पुण्यातील जिमखान्याच्या मैदानावर कामगार म्हणून लागलेल्या आणि गोऱ्या साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करणाऱ्या या दलित खेळाडूने, १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघातून खेळताना सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. हा आकडा सर्वत्र उद्धृत होतो आणि तो होणे योग्यच आहे. परंतु तो आकडा म्हणजे इतरांनी पकडलेल्या झेलांचीही बेरीज आहे. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचे यश झेलांवर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. त्यांच्या गोलंदाजीवर जे झेल सुटले, त्यांना त्या धावफलकांत रकाना नाही. पिचरच्या खात्यातून इतरांच्या चुका वजा करणारी बेसबॉलची व्यवस्था बाळूंच्या वाट्याला आली नाही.

त्याहून मोठ्या गोष्टीही त्या तक्त्यांत नाहीत. ज्या संघासाठी बाळू बळी मिळवत होते, त्याच संघातील काहींच्या पंगतीला त्यांना स्थान नव्हते. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच देण्यात आले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले. ज्यांचा दोष होता, त्यांची नावे कोणत्याही धावफलकात नाहीत. विठ्ठल पळवणकर यांनी १९४८ मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत प्रसिद्ध केले. पळवणकर बंधूंचा इतिहास लिहिणाऱ्याला धावफलकाइतकेच अशा आत्मकथनाकडे आणि समकालीन वृत्तपत्रांकडे का वळावे लागते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

तिसरी साक्ष अलीकडची आहे. ४ व ५ जानेवारी २०१६ रोजी कल्याण येथे, मुंबई क्रिकेट संघटनेच्या भंडारी चषक आंतरशालेय स्पर्धेत, प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने नाबाद १००९ धावा केल्या. संघाची धावसंख्या ३ बाद १४६५ होती. प्रतिस्पर्धी शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत संपले. १८९९ मध्ये इंग्लंडमधील क्लिफ्टन कॉलेजच्या मैदानावर, हजारीबाग येथे जन्मलेल्या ए. ई. जे. कॉलिन्स या शाळकरी मुलाने केलेल्या नाबाद ६२८ धावांचा विक्रम त्यामुळे मागे पडला. प्रणवच्या खेळीच्या वृत्तांतांत दोन गोष्टी लक्ष वेधून घेतात. त्याने खेळलेल्या चेंडूंची संख्या काही ठिकाणी ३२३ तर काही ठिकाणी ३२७ अशी छापली गेली. म्हणजे साधी मोजणीही निर्विवाद राहिली नाही. दुसरी गोष्ट अशी, की प्रतिस्पर्धी संघात वयाने बरीच लहान मुले होती आणि त्यांच्या हातून अनेक झेल सुटले, असे वृत्तपत्रांनी नमूद केले. कॉलिन्सच्या खेळीबाबतही अशाच जीवदानांच्या हकिगती उपलब्ध आहेत.

या दुसऱ्या गोष्टीवरून त्या वेळी बरीच टीकाटिप्पणी झाली. विक्रमाचे मोल किती, असा प्रश्न विचारला गेला. येथे बेसबॉलची कसोटी लावून पाहणे उद्बोधक ठरेल. ‘साधारण प्रयत्न’ त्या दर्जाच्या स्पर्धेच्या मानाने मोजायचा असतो. बारा-तेरा वर्षांच्या, पूर्ण आकाराच्या मैदानावर खेळण्याची फारशी सवय नसलेल्या मुलाकडून दूरवर उडालेला झेल साधारण प्रयत्नाने घेतला जाईल, अशी अपेक्षा धरता येईल काय? बहुतेक झेलांबाबत उत्तर नकारार्थी येण्याचा संभव आहे. तसे असेल तर ती क्षेत्ररक्षकांची चूक ठरत नाही आणि फलंदाजाचे श्रेयही कमी होत नाही. अशा वेळी दोष असलाच, तर तो विषम संघांची गाठ घालणाऱ्या व्यवस्थेचा म्हणावा लागेल, आणि त्यासाठी दोन्हीही वह्यांत रकाना नाही. मुलांना मात्र दोन्ही बाजूंनी ऐकून घ्यावे लागले. एकाला विक्रमाचे ओझे मिळाले, तर इतरांना सुटलेल्या झेलांचे.

६. भाषेने जपलेली नोंद

वहीने जे वगळले ते मराठी भाषेने बऱ्याच अंशी जपले, असे दिसते. ‘२३ धावांवर जीवदान मिळाले’, ‘निर्दोष शतक झळकावले’, ‘झेल सोडण्याची मोठी किंमत मोजावी लागली’ हे मराठी वृत्तपत्रांतील नेहमीचे वाक्प्रयोग आहेत. ‘निर्दोष’ या विशेषणात चूक किंवा संधी न देता केलेली खेळी, हा अर्थ सामावलेला आहे. दोन शतके धावफलकात समान दिसतात. हे विशेषण त्यांच्यात भेद करते. ‘जीवदान’ हा शब्द तर अधिकच बोलका आहे. त्यात क्षेत्ररक्षकाचा दोष आहे, पण तो दानाच्या रूपात आहे. बेसबॉलचा ‘एरर’ चूक करणाऱ्याच्या नावे खतावतो. मराठी ‘जीवदान’ ते मिळवणाऱ्याच्या नावे. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी आकाशवाणीवरून क्रिकेट मराठीत आणले, तेव्हा असे शब्द घराघरांत पोहोचले. आजही कासूच्या शिवारातील ध्वनिक्षेपकावर तीच परंपरा, थोड्या अधिक रांगड्या शब्दांत, चालू आहे.

मुंबईतील आनंदजी डोसा, सुधीर वैद्य यांसारख्या सांख्यिकींनी भारतीय क्रिकेटच्या आकड्यांची चिकाटीने जपणूक केली. अलीकडे चेंडूगणिक केलेल्या संगणकीय नोंदींमुळे सुटलेल्या झेलांची गणना करणे शक्य झाले असून, ऑस्ट्रेलियाचे चार्ल्स डेव्हिस यांच्यासारख्या अभ्यासकांनी कसोटी क्रिकेटबाबत तसा प्रयत्न केला आहे. मात्र ही माहिती अधिकृत धावफलकाचा भाग झालेली नाही.

७. दोन्ही पद्धतींच्या मर्यादा

यावरून बेसबॉलची पद्धत सरस ठरते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो टाळला पाहिजे. बिल जेम्स यांच्यासारख्या अमेरिकन अभ्यासकांनी ‘एरर’ या रकान्यावर गंभीर आक्षेप घेतले आहेत. इतर रकाने काय घडले ते सांगतात. हा रकाना काय घडायला हवे होते, याविषयीचे एका व्यक्तीचे मत सांगतो. शिवाय त्यातून एक विपरीत फळ निघते. जो क्षेत्ररक्षक चपळाईने दूरच्या चेंडूपर्यंत पोहोचतो, त्याच्या हातून तो सुटण्याचा संभव असतो आणि त्याच्या नावावर चूक लागते. जो जागचा हलतच नाही, त्याचे पान कोरे राहते. चुकांच्या नोंदीवरून गुणवत्ता ठरवू लागलो, की प्रयत्न करणारा उणा दिसतो आणि निष्क्रिय माणूस निर्दोष ठरतो. ही उणीव बेसबॉलपुरती मर्यादित आहे, असे शिक्षणक्षेत्रात वावरणाऱ्या कोणी म्हणेल असे वाटत नाही.

क्रिकेटची पद्धत या दोषापासून मुक्त आहे, कारण ती मत देतच नाही. तिची किंमत वेगळी आहे. तिचे मौन सर्वांना समान नसते. त्याचा लाभ फलंदाजाला आणि चूक करणाऱ्या क्षेत्ररक्षकाला होतो. तोटा गोलंदाजाला होतो. भारतीय क्रिकेटच्या आरंभीच्या काळात फलंदाजी बहुधा प्रतिष्ठितांकडे आणि गोलंदाजीचे कष्ट बाळूंसारख्यांकडे होते, हे ध्यानात घेतले, तर या मौनाला एक सामाजिक परिमाणही प्राप्त होते. अर्थात वहीचा आराखडा त्या हेतूने केला गेला, असे म्हणता येणार नाही. परंतु हेतू नसतानाही परिणाम होऊ शकतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, दोषाची नोंद करायची तर आधी अपेक्षेचे माप ठरवावे लागते. बेसबॉलने ते माप शब्दांत मांडले आणि निवाडा एका व्यक्तीच्या हाती सोपवला. त्यामुळे त्याची नोंद समृद्ध, परंतु विवाद्य झाली. दुसरी, क्रिकेटने निवाडा टाळला. त्यामुळे त्याची नोंद तुलनेने निर्विवाद, परंतु मूक राहिली. तिसरी, दोन्ही वह्या एका खेळाडूच्या श्रेय-दोषापुरत्या आहेत. संघ कसे निवडले गेले, कोणाला संधी मिळाली आणि कोणाला नाकारली गेली, हे त्यांपैकी कोणतीही सांगत नाही.

म्हणून आकडा हाती आला, की इतिहासाच्या अभ्यासकाने त्याची बेरीज तपासण्यापूर्वी वहीचे रकाने तपासावेत. जो रकाना आहे तो कोणाच्या निर्णयाने भरला, आणि जो नाही तो नसल्यामुळे कोणाचे काय झाकले गेले, हे दोन प्रश्न विचारल्याखेरीज धावफलकाला पुरावा मानणे धोक्याचे आहे. पेण–रोहा पट्ट्यातील गावोगावच्या सामन्यांच्या वह्या अनेक क्रीडामंडळांकडे आज पडून असतील. काही रद्दीत गेल्या असतील. त्या गोळा करण्याचे काम महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हाती घ्यावे, असे सुचवावेसे वाटते. मात्र वही उचलताना, तिच्या शेजारी ध्वनिक्षेपक घेऊन बसलेल्या माणसाचीही आठवण नोंदवून घ्यावी. कोणाचा झेल कोणी सोडला, हे त्यालाच ठाऊक असते.